पंचम उतरला नव्हता

अंबाजोगाईच्या जुन्या भागात आमच्या थोरल्या काकांचा वाडा आहे. वर माळवद, खाली पांढऱ्या मातीच्या दोन हात रुंद भिंती. काका शाळेत संगीत शिकवायचे. बैठका, भजनं, त्यांच्या गुरुजींचा रियाझ अशा दोनशेच्या वर कॅसेट त्यांनी जपून ठेवलेल्या. मागच्या दिवाळीत मी त्या सगळ्या संगणकावर उतरवून घेतल्या आणि घरातल्या घरात वाजवायची सोय लावून दिली. ढाळजेत जुना संगणक, त्याच्या हार्ड डिस्कवर गाणी. माजघरात जुना लॅपटॉप, त्याला यूएसबीनं जोडलेली डॅकची डबी, आणि डबीतून दोन वायरी ॲम्प्लिफायरला. डॅक म्हणजे आकड्यांची पुन्हा विजेची लहर करणारं यंत्र. काकांनी मोबाइलवर बोट ठेवलं की ढाळजेतलं गाणं वाय-फायवरून माजघरात यायचं.

मे महिन्यात काकांचा फोन आला. "अरे, गाणं तुटायलंय. अन् तंबोऱ्याचा पंचम उतरलाय बघ."

पहिली तक्रार कळली. दुसरी कळेना. पंचम म्हणजे तंबोऱ्याची 'प' स्वराला लावलेली तार. फाइलमधला पंचम उतरेल कसा?

काकांच्या संगणकात गाणं म्हणजे निव्वळ आकडे. सेकंदाला ४४,१०० वेळा लहरीची उंची मोजायची, प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचं, डाव्या-उजव्या कानासाठी वेगवेगळं. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. एक तासाची बैठक सुमारे ६३५ मेगाबाइटची. ४४,१०० हा आडनिडा आकडा सीडीच्या आधीच्या काळातला आहे. तेव्हा ध्वनीचे आकडे व्हिडिओ टेपवर साठवत. चित्राच्या एका फेरीत कामाला येणाऱ्या २९४ ओळी, ओळीत ३ मापं आणि सेकंदाला ५० फेऱ्या, की झाले ४४,१००. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो आणि लहर पकडायला तिच्या दुपटीहून जास्त मापं लागतात, म्हणून हा आकडा पुरतोही.

हे आकडे एक तर पोहोचतात, नाही तर पोहोचत नाहीत. वाटेत हरवले तर आवाज तुटतो, टक्‌ होतो, थांबतो. थोडासा उतरलेला, थोडासा मळलेला असा आकडा नसतो. ४४,१०० च्या वेगाची फाइल चुकून ४८,००० च्या वेगानं वाजली तर स्वर बदलतो, पण तेव्हा सगळंच गाणं चढतं: पेटीवरची पांढरी एक ही पट्टी जाऊन बसते काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये. एकटा पंचम कधी हलत नाही. म्हणजे काकांच्या दोन तक्रारींना एकच औषध लागणार नव्हतं. तुटणं हा आकड्यांच्या वाटेवरचा आजार, आणि गुणगुण, खरखर, स्वरावरची लाट हा डॅकच्या पुढचा, विजेच्या वाटेवरचा. ही वाटणी डोक्यात असली की निम्मं घर तपासायचं वाचतं.

आधी तुटण्याचं सांगतो. ते रात्री आठनंतर जास्त व्हायचं. गल्लीतल्या एका हुशार पोरानं इंटरनेटचा वेग वाढवून घ्यायला सांगितलं होतं आणि काकांनी तो वाढवूनही घेतला होता. पैसे वाया. गाणं ढाळजेतून माजघरात जातंय, त्याचा बाहेरच्या इंटरनेटशी संबंधच नाही. आणि १४ लाख बिट म्हणजे साध्या वाय-फायच्या हातचा मळ. अडचण यायची ती खंड पडण्यामुळे. बफर म्हणजे पुढचं गाणं आधीच भरून ठेवायची जागा; आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावाला तो समजावून सांगावा लागत नाही. हौद असतो तोवर नळ कधी येतो याची फिकीर नसते. हौद छोटा असेल आणि नळाला दोन दिवस उशीर झाला, तर महिन्याचं एकूण पाणी तेवढंच मिळूनही घर कोरडं पडतं. लॅपटॉपवर हा हौद अर्ध्या सेकंदाचा होता. तो मी पाच सेकंदांचा केला. बोट ठेवल्यावर गाणं किंचित उशिरा सुरू होऊ लागलं, काकांना त्याचं काही वाटलं नाही.

तरीही अधूनमधून तुटायचं. मग मोबाइलवर वाय-फायची ताकद मोजली. ढाळजेत राउटरजवळ उणे ४८ डेसिबल, माजघरात उणे ७९. या मोजणीत दर दहाला दहा पट फरक पडतो, म्हणजे दोन भिंती ओलांडून हजारातला एक भागही शिल्लक राहत नव्हता. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. दोन हात जाड मातीतून जाताना ती थकते, आणि मातीत ओल असली तर आणखी थकते, कारण पाणी तिला शोषून घेतं. ५ गिगाहर्ट्‌झवर टाकलं तर भिंतीपलीकडे काहीच जाईना. त्यात वाय-फायचा कारभार चावडीसारखा, एका वेळी एकानंच बोलायचं. रात्री आठला शेजारपाजारचे सगळे मोबाइल त्याच वाहिनीवर बोलायला उठायचे. २.४ मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. आमच्या भोवतीचे बहुतेक राउटर ६ वर होते. मी ११ घेतली. थोडा फरक पडला. शेवटी सरळ लॅनची वायर विकत आणली आणि झरोक्यातून, तुळईच्या कडेनं माजघरापर्यंत नेली. शंभर मीटरपर्यंत ती बिनघोर चालते. वाड्यात वाय-फायशी भांडण्यात अर्थ नाही असं माझं मत झालंय.

तुटणं थांबलं, तर नवंच सुरू झालं. अर्धा तास सगळं सुरळीत, मग मोबाइलवरून गाण्यांचं कपाटच गायब. चालू असलेलं गाणं चालूच, पुढचं निवडायला गेलं की यादी नाही. अर्धा तास हा आकडाच चोर पकडून देतो. ढाळजेतल्या संगणकासारखे गाणी पुरवणारे सर्व्हर घरातल्या यंत्रांना दवंडी पिटून सांगतात की मी इथं आहे. दवंडीचा पत्ता ठरलेला, २३९.२५५.२५५.२५०. तिची मुदत बहुधा १,८०० सेकंद, आणि ती संपायच्या आत पुन्हा पिटायची. मोबाइलनं आपणहून हाक मारली की सर्व्हर थेट उत्तर देतो, म्हणून सुरुवातीला तो सापडतो. पण नंतरच्या दवंड्या राउटर वाटेत अडवत असेल, तर तीस मिनिटांनी मोबाइलच्या लेखी सर्व्हर मेलेला असतो. खात्री करायची सोपी युक्ती अशी की ब्राउझरमध्ये संगणकाचा आकडी पत्ता हातानं टाकायचा. पान उघडलं तर रस्ता ठीक, बिघाड फक्त दवंडीचा. राउटरमध्ये एक सेटिंग बदलल्यावर तो गेला. (विंडोजनं घरचं नेटवर्क 'सार्वजनिक' म्हणून नोंदवलं असेल तरी संगणक तोंड लपवतो. ते आधी बघावं.)

राहिला पंचम.

दुपारी अडीचची वेळ, बाहेर त्रेचाळीस अंश. काकांनी गुरुजींच्या रियाझाची सुरुवात लावली. नुसता तंबोरा, पांढरी एक. "ऐक," ते म्हणाले, "जोड कशी चांगली लागलीय. अन् पंचमावर लाटा." खरंच होत्या. जोडीच्या, म्हणजे 'सा'ला लावलेल्या मधल्या दोन तारा स्थिर, पंचम छेडला की आवाज मोठा-लहान, मोठा-लहान, सेकंदाला दोनेक वेळा. मी गाणं थांबवलं. तंबोरा गेला, आणि त्याच्या मागं लपलेलं एक बारीक 'हूं' स्पीकरमध्ये उरलं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. तिची गुणगुण आवाजात शिरली की ५० बरोबर तिचा पाढाही येतो, १००, १५०, २००. काकांच्या छोट्या स्पीकरला ५० झेपत नाही, १०० मात्र चांगला वाजतो. पांढरी एकच्या तंबोऱ्यात खरज, म्हणजे खालचा सा, सुमारे ६५ हर्ट्‌झ, जोड १३१, आणि मंद्र पंचम ९८. ९८ आणि १०० जवळजवळ वाजले की दोन्ही लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी छेद देतात, आणि फरकाएवढ्या लाटा उठतात, सेकंदाला दोन. तंबोरा लावणारा माणूस याच लाटांवर लक्ष ठेवून खुंटी पिळतो. लाटा मंदावत थांबल्या की तार जुळली. काकांच्या कानाचं पन्नास वर्षांचं शिक्षण सांगत होतं की दोन स्वर जुळत नाहीयेत, आणि ते खरंच जुळत नव्हते. फक्त दुसरा स्वर वीज कंपनीचा होता.

मोबाइलवर तो आवाज टिपून ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये वर्णपट, म्हणजे कुठल्या स्वराचा जोर किती याचा आलेख, काढला, तर ९८ आणि १०० वर दोन वेगळी शिखरं दिसली. ती वेगळी दिसायला मापं भरपूर घ्यावी लागतात. ६५,५३६ मापांचा तुकडा घेतला की ०.६७ हर्ट्‌झपर्यंतचा फरक उलगडतो. छोटा तुकडा घेतला असता तर एकच फुगवटा दिसला असता.

गुणगुण येत कुठून होती? लॅनची वायर काढली, तशीच. लॅपटॉपवर आवाज शून्य केला, तरी तशीच. मग लॅपटॉपच्या चार्जरचा प्लग काढला आणि 'हूं' एकदम बंद. बॅटरीवर लॅपटॉप गप्प, चार्जरवर बोलका.

माजघरात दोन बोर्ड आहेत. ॲम्प्लिफायर जुन्या बोर्डावर. त्याचं अर्थिंग परसातल्या खड्ड्यात, कोळसा आणि मीठ घालून पुरलेलं. चार्जर नव्या बोर्डावर. त्याचं अर्थिंग कुणीतरी बोअरच्या पाइपला बांधलेलं. अर्थिंग चालतं ते मातीतल्या ओलीवर. ओलीत विरघळलेले क्षार वीज वाहून नेतात. मेच्या कोरड्यात परसातला खड्डा वाळून ठणठणीत झालेला, बोअरचा पाइप खोल ओलीत. वायरमननं मीटर लावला तेव्हा दोन अर्थिंगमध्ये पावणेदोन व्होल्टचा फरक होता. तो फरक मिटवायला प्रवाहाला वाट हवी होती, ती डॅकपासून ॲम्प्लिफायरपर्यंतच्या वायरीच्या जाळीतून मिळाली. त्या वायरीतून गाणं जातं फार तर दोन व्होल्टचं. त्यात दोन मिलिव्होल्टची गुणगुण मिसळली, म्हणजे हजारावा भाग, तरी शांत तंबोऱ्यामागं ती ऐकू येते. दिवाळीत ती नव्हती, कारण जमीन ओली होती.

चार्जरची जाड पिन कापून टाका, गुणगुण जाते, असं सांगणारे भेटतात. गुणगुण जातेही. पण ती पिन जीव वाचवायला असते. यंत्रात बिघाड होऊन वीज त्याच्या अंगावर आली, तर मग तिला जमिनीत उतरायला तुमच्याशिवाय वाट उरत नाही. आम्ही एवढंच केलं, की चार्जर, डॅक आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर घेतले. वाट तुटली, पंचम सरळ झाला. दोन अर्थिंग एकत्र बांधायचं काम वायरमननं नंतर केलं, आणि परसातल्या खड्ड्यात काका आता आठवड्याला दोन घागरी पाणी ओततात. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर लागला की करवतीसारखी घरघर येते, ती अजून आहे. स्वस्त इन्व्हर्टरची लहर पायऱ्यापायऱ्यांची असते. शुद्ध साइन लहरीचा घेईपर्यंत ती राहणार.

निघताना काकांनी आणखी एक दाखवलं. गुरुजींच्या एका ख्यालात मध्येच सूर वर सरकतो आणि सावरतो. मी वेळ बघितली: १४ मिनिटं २२ सेकंद. पुन्हा लावलं, तिथंच. ती फाइल मोबाइलवर घेऊन हेडफोननं ऐकली, तरी तिथंच. वाटेतला बिघाड कधीही, कुठंही येतो. दर वेळी त्याच सेकंदाला आला तर तो फाइलमधलाच. म्हणजे बहुधा त्या बैठकीच्या रात्री कॅसेटच्या मोटारीची वीज क्षणभर मंदावली होती; हळू फिरताना भरलेली टेप नेहमीच्या वेगानं वाजली की सूर चढतो.

"सॉफ्टवेअरनं सरळ करता येईल," मी म्हणालो.

"राहू दे," काका म्हणाले. "दिवे मंद झाले होते तेव्हा. मी तिथंच बसलो होतो."