कर्ज एकाचं, फेड घराची: कोल्हापुरातल्या सावकारीमागचा इतिहास

धाकट्या भावानं एका रात्री शंभर पानी वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "दादा, आईला सांगू नगंस." वहीत तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे तोच आकडा, 5,000. सावकाराकडून महिन्याला शेकडा दहानं 50,000 घेतले होते. पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून हातात 45,000 आले. पुढे चौदा महिने हप्ता गेला, म्हणजे 70,000 भरून झाले आणि मुद्दल जागच्या जागी. तो हप्ता चुकू नये म्हणून दुसऱ्याकडून उचललेले वेगळेच.

घरात बातमी फुटल्यावर पहिला प्रश्न आला, "आता काय विकायचं?" आईनं गंठण काढून ठेवलं. हे पैसे कायद्यानं किती लागतात, आणि कुणाला लागतात, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही. ही सवय आपल्या घरांत फार जुनी आहे.

बापाचं कर्ज मुलानं फेडायचं, हा धर्मशास्त्रातला दंडक. मुलानं व्याजासकट द्यावं, नातवानं फक्त मुद्दल. जुगार आणि दारूपायी केलेलं कर्ज मात्र मुलावर येत नाही, अशी सूट स्मृतींनीच दिलेली. तरी मुंबई इलाख्यात हे बंधन एवढं कडक मानलं जाई, की बापानं दमडी मागे ठेवली नसली तरी मुलगा जबाबदार धरला जाई. 1866 च्या कायद्यानं ते सैल केलं आणि जबाबदारी वारशात मिळालेल्या मिळकतीपुरती ठेवली. पुढे 2005 मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली. त्या वर्षीच्या 9 सप्टेंबरनंतर बापानं काढलेल्या कर्जासाठी, केवळ पुत्रधर्म म्हणून मुलगा, नातू किंवा पणतू यांच्यामागे कोर्टातून लागता येत नाही. भावाच्या हातउसन्याला तर भाऊ निव्वळ नात्यानं कधीच बांधील नव्हता. जामीन म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी, तिथं जामीनदार कर्जदाराइतकाच अडकतो. पण आपल्याकडे वसुली चालते ती अब्रूवर. माणूस दारात येऊन नुसता उभा राहिला, तरी गल्लीत कळतं.

व्याजाला लगाम घालणारी रूढीही आपलीच होती. दामदुपट म्हणजे थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त मागायचं नाही. इंग्रजी अमलात कोर्टकचेरी आली, कागदावरचा अंगठा बोलू लागला आणि जमिनी सावकाराच्या नावावर चढू लागल्या. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले. हे लोण नगर जिल्ह्यातही पसरलं. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. कर्जरोख्यावर काय लिहिलंय एवढ्यावर न थांबता व्यवहाराचा मुळापासूनचा हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. सगळ्या इतिहासात मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं. इथलं उत्तर पुढे सहकारातून आलं. राजर्षी शाहूंच्या काळात, 1913 मध्ये, कोल्हापूर अर्बन ही सहकारी बँक उभी राहिली. 1938 मध्ये जिल्हा मध्यवर्ती बँक आली. आधी गुळावर अडत्याकडून उचल घेणारा शेतकरी हळूहळू गावच्या सोसायटीच्या पीककर्जावर आला. सहकारानं या जिल्ह्यावर केलेले उपकार खरे आहेत, ते मी मनापासून मानतो. पण सोसायटी बघते सातबारा. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, जो रिक्षा चालवतो, गाडा लावतो किंवा इचलकरंजीत मागावर राबतो, त्याच्या घरात रात्री अकराला दवाखान्याचं डिपॉझिट भरायची वेळ आली तर त्यानं कुठं जायचं? भिशी आधीच उचललेली असते. सावकार उरला तो या फटीत.

संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. त्या राज्यात सावकारीला परवाना लावणारा 1946 चा कायदा होता. त्याची जागा 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानं घेतली. परवानाधारक सावकारालाही बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. तारण असेल तर 15. शेतकऱ्याला हेच दर 12 आणि 9. माझ्या भावाचा दर वर्षाला 120 पडत होता. विनापरवाना सावकारीला 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्याजापोटी लिहून घेतलेली जमीन परत मिळवण्याची वाटही या कायद्यात आहे. अर्ज जातो सहकार खात्याच्या निबंधकाकडे, आणि पुष्कळांना हेच ठाऊक नसतं.

अंगठ्याची जागा आता कोऱ्या चेकनं घेतली आहे. न वटलेला चेक 1 एप्रिल 1989 पासून फौजदारी गुन्हा झाला. व्यापारात विश्वास राहावा म्हणून केलेली ही तरतूद सावकाराच्या फार कामाला आली. भावानंही सही करून दोन चेक दिले होते, एकेकाला एकेक.

अर्ज लिहायला आम्ही तिघं बसलो, मी, तो आणि वहिनी. वहीतल्या पहिल्या आठ हप्त्यांना पुरावा काहीच नव्हता, ते रोख गेले होते. पुढचे सहा मोबाईलवरून पाठवलेले, त्यांची नोंद बँकेच्या उताऱ्यात निघाली. वहिनीनं पट्टी लावून एकेक ओळ अधोरेखित केली. अर्ज दिल्यानंतर पहिल्या सावकारानं चेक परत आणून दिला. दुसऱ्याचा अजून त्याच्याकडेच आहे.