कटेज पार्कचे साहेब आणि काउन्सिलचे साहेब

वेल्समधल्या एखाद्या काउन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेला, नवा चीफ एक्झिक्युटिव्ह (प्रशासनाचा प्रमुख) मिळाला, ही बातमी मराठीत लिहायला घेतली की हात अडखळतो. ‘आयुक्त’ लिहावं, तर राज्य सरकारनं पाठवलेला आयएएस अधिकारी डोळ्यांसमोर येतो, आणि तिकडे तसलं काही नाही. ‘मुख्य सचिव’ लिहावं, तर त्या जागी राजधानी कार्डिफमध्ये दुसरीच व्यक्ती बसलेली असते. मग ‘वरिष्ठ सनदी अधिकारी’ असं मोघम लिहून आपण सुटका करून घेतो, आणि नेमके तिथेच चुकतो. काउन्सिलचा चीफ एक्झिक्युटिव्ह कितीही मोठा असो, तो सनदी अधिकारी नसतो.

सिव्हिल सर्व्हिस आणि पब्लिक सर्व्हिस हे दोन शब्द आपल्या कानाला एकच वाटतात. वेल्श सरकारात सिव्हिल सर्व्हंट म्हणजे मंत्र्यांच्या हाताखाली कचेरीत काम करणारी पाच-सहा हजार माणसं. शाळा, रस्ते, कचरा, म्हाताऱ्यांची देखभाल बघणारी २२ काउन्सिलं, रुग्णालयं चालवणारी ७ हेल्थ बोर्डं, अग्निशमन दलं, हा सगळा पसारा पब्लिक सर्व्हिसचा. त्यातल्या एकट्या एनएचएसमध्येच, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, माणसं लाखाच्या घरात आहेत. आणि हे सगळं ३१ लाख लोकसंख्येसाठी. म्हणजे २०११ च्या जनगणनेतलं पुणे महापालिकेचं क्षेत्र घ्या आणि त्याला एक स्वतंत्र संसद द्या, एवढा तो देश.

आपली गफलत होते याला कारण आहे. आपल्याकडे तोच माणूस आज जिल्हा परिषदेचा सीईओ, उद्या जिल्हाधिकारी, परवा महापालिका आयुक्त आणि पुढे मंत्रालयात सचिव. सेवा एक, केडर एक, आणि हलवणारा बदलीचा हुकूमही एकाच जागेहून निघणारा. वेल्समध्ये या एका शिडीच्या दोन शिड्या आहेत, आणि एकीवरून दुसरीवर बदलीनं जाता येत नाही. कोण कुठल्या शिडीवर आहे हे ओळखायचं तर पदनाम, पगार, ऑफिसचा मजला यांतलं काहीच उपयोगाचं नाही. एकच विचारावं: नेमणूकपत्र कोणी दिलं?

आधी कटेज पार्क. स्पेलिंग बघून आपण ‘कॅथेज’ म्हणतो, कार्डिफकर ‘कटेज’ म्हणतात. वेल्श सरकारचं मुख्यालय या भागात आहे, आणि मुंबईत ‘मंत्रालय’ म्हटल्यावर जसं इमारतीच्या पलीकडचं काहीतरी सूचित होतं तसंच तिथे या नावाचं आहे. इथला सर्वोच्च अधिकारी म्हणजे पर्मनंट सेक्रेटरी, बोलीत ‘पर्म सेक’. त्याच्या खाली डायरेक्टर जनरल, डायरेक्टर, डेप्युटी डायरेक्टर. गंमत अशी की वेल्सला स्वतःची सिव्हिल सर्व्हिस नाही. उत्तर आयर्लंडला वेगळी आहे, वेल्सला नाही. कटेज पार्कमधला अधिकारी ब्रिटनच्या होम सिव्हिल सर्व्हिसचाच सभासद असतो, त्या सेवेच्या एकूण रचनेत त्याचा वरिष्ठ लंडनमध्ये असतो, पण आज्ञा मानायची ती वेल्श मंत्र्यांची. भरती सिव्हिल सर्व्हिस कमिशनच्या तत्त्वांनुसार, गुणवत्तेवर आणि खुल्या स्पर्धेतून. ही तत्त्वं २०१० पासून कायद्यात बांधलेली आहेत.

१९९९ मध्ये वेल्सला स्वतःचं प्रतिनिधिगृह मिळालं तेव्हापासूनचे पर्म सेक एका ओळीत ठेवून बघा. जॉन शॉर्टरिज, मग २००८ पासून जिलियन मॉर्गन, २०१२ पासून डेरेक जोन्स, २०१७ पासून शॅन मॉर्गन आणि २०२१ पासून अँड्र्यू गुडॉल. (मुख्यमंत्रिपदावरचे रोद्री मॉर्गन आणि एलिनेड मॉर्गन धरले तर चार मॉर्गन होतात. नातं काही नाही. वेल्समध्ये मॉर्गन म्हणजे आपल्याकडचे पाटील.) जिलियन मॉर्गन मुळात डॉक्टर, पदावर येण्याआधी एनएचएस संस्थांच्या महासंघाच्या प्रमुख. शॅन मॉर्गन राजनैतिक सेवेतल्या, अर्जेंटिनात ब्रिटनच्या राजदूत राहिलेल्या. जोन्स जुने सनदी अधिकारी, पण मधली काही वर्षं कार्डिफ विद्यापीठात काढून परतलेले. गुडॉल एनएचएसमध्ये व्यवस्थापक म्हणून घडलेले. कटेज पार्कात पोरसवदा वयात शिरून तिथेच पायऱ्या चढत शिखरावर गेला, असा माणूस या यादीत शोधावाच लागतो. दार बंद आहे असं नाही. पण आत यायचं तर अर्ज करून, मुलाखत देऊन आणि नवं नेमणूकपत्र घेऊन.

काउन्सिलकडे वळण्याआधी एक छोटा फाटा. काउन्सिलचा ‘लीडर’ हा राजकारणी, नगरसेवकांनी निवडलेला, मंत्रिमंडळासारखी कॅबिनेट घेऊन बसणारा. कार्डिफला लॉर्ड मेयर वेगळा, तो हारतुऱ्यांसाठी. चीफ एक्झिक्युटिव्ह या दोघांहून निराळा, पगारी. लीडरबद्दल इथे इतकंच पुरे.

हा पगारी साहेब काउन्सिलचा नोकर असतो. ‘नोकर’ शब्द इथे शब्दशः घ्यायचा. जाहिरात काउन्सिल देतं, मुलाखत नगरसेवक घेतात, नेमणुकीवर संपूर्ण सभागृह शिक्कामोर्तब करतं आणि पत्रावर काउन्सिलचंच बोधचिन्ह असतं. पगार १ लाख पौंड किंवा त्याहून जास्त असेल तर जाहीर जाहिरात देणं बंधनकारक. वेल्श सरकारला माणूस आवडला नाही म्हणून ते त्याला रेक्सहॅमहून स्वान्झीला पाठवू शकत नाही. तशी सोयच नाही. पूर्वी कायद्यात या पदाला ‘पगारी सेवेचा प्रमुख’ असं रुक्ष नाव होतं. २०२१ च्या कायद्यानं प्रत्येक काउन्सिलनं चीफ एक्झिक्युटिव्ह नेमलाच पाहिजे असं स्पष्ट केलं.

मग तिथवर पोचतात कसे? बहुतेक जण एखाद्या खात्यातून चढत येतात. कोणी समाजसेवा विभागाचा डायरेक्टर असतो, कोणी शिक्षणाचा. कोणी तिजोरी सांभाळणारा ‘सेक्शन १५१ ऑफिसर’ असतो. हे नाव १९७२ च्या कायद्यातल्या कलमाचं, पण हुद्दा म्हणून लोक तेच सर्रास वापरतात. कोणी कायदेशीरपणावर नजर ठेवणारा ‘मॉनिटरिंग ऑफिसर’. एका काउन्सिलात उपप्रमुख व्हायचं, मग शेजारच्या काउन्सिलाची जाहिरात आली की अर्ज टाकायचा. शेजारचीच पाहिजे असंही नाही. पॉल ऑर्डर्स कार्डिफ काउन्सिलातून न्यूझीलंडला डनिडिन शहराचे प्रमुख म्हणून गेले आणि २०१३ मध्ये कार्डिफचेच चीफ एक्झिक्युटिव्ह होऊन परतले. बदलीच्या व्यवस्थेत असा प्रवास कोण लिहून देईल?

भाषेचंही तसंच. आपल्याकडे केडर मिळालं की अधिकारी मसुरीला त्या राज्याची भाषा शिकतो. वेल्समध्ये ती अट जाहिरातीतच असते आणि काउन्सिलगणिक बदलते. ग्वीनेथ काउन्सिलचा अंतर्गत कारभार वेल्शमध्येच चालतो, तिथल्या वरच्या खुर्चीसाठी वेल्श येणं ही पूर्वअटच. दक्षिण-पूर्वेला ती इतकी कडक नसते. २०२१ च्या जनगणनेत साऱ्या वेल्समध्ये वेल्श बोलणारे १७.८ टक्के, तर ग्वीनेथमध्ये ६४.४ टक्के होते. हे आकडे नुसते बघितले तरी एकच केडर करून सगळीकडे अधिकारी फिरवणं तिथे का अवघड जाईल ते कळतं.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा फरक, जो पदनामांच्या गर्दीत हमखास निसटतो. कटेज पार्कचा अधिकारी त्या दिवशी सत्तेवर असलेल्या मंत्र्यांची सेवा करतो. विरोधी पक्षाचा आमदार त्याला फोन करून ‘या योजनेबद्दल तुमचं मत काय’ असं विचारू शकत नाही. काउन्सिलचा अधिकारी मात्र संपूर्ण काउन्सिलचा असतो. सत्ताधारी लीडरइतकाच मागच्या बाकावरचा विरोधी नगरसेवकही त्याच्याकडे सल्ला मागायला हक्कानं येऊ शकतो. दोघांनाही तटस्थ राहावं लागतं, पण तटस्थपणाचे हे दोन निराळे प्रकार आहेत. पहिल्यात आज यांचं निष्ठेनं करायचं आणि निवडणुकीनंतर त्यांचं तितक्याच निष्ठेनं. दुसऱ्यात आज, याच क्षणी, दोघांचं. दुसरा प्रकार जास्त कठीण असं माझं मत आहे, विशेषतः जिथे कोणालाच बहुमत नाही आणि अपक्षांचे गट दर वर्षी सरकतात अशा ठिकाणी. म्हणूनच १९८९ च्या कायद्यानं काउन्सिलातल्या वरच्या पदांवर राजकीय बंदी घातली आहे. ना निवडणूक लढवता येते, ना पक्षासाठी दारोदार फिरता येतं. शिवाय निवडणूक निर्णय अधिकारी बहुधा हेच साहेब असतात. एवढं एक मात्र आपल्या कलेक्टरसारखं.

स्वायत्ततेची किंमत कळते ती बिनसल्यावर. केरफिली काउन्सिलात २०१२ मध्ये नगरसेवकांच्या एका छोट्या समितीनं वरिष्ठ अधिकाऱ्यांना भरघोस पगारवाढ दिली. चीफ एक्झिक्युटिव्हचा पगार १,३२,००० पौंडांवरून १,५८,००० पौंडांच्या आसपास गेला. २०१३ च्या मार्चमध्ये सरकारी लेखापरीक्षकांनी हा निर्णय बेकायदा ठरवला आणि साहेब निलंबित झाले. पुढे पोलीस आले, खटला उभा राहिला आणि पडला, आणि शेवटी बडतर्फी झाली ती ऑक्टोबर २०१९ मध्ये. साडेसहा वर्षं! काउन्सिलच्या प्रमुखाला काढायचं तर बाहेरच्या स्वतंत्र व्यक्तीची चौकशी हवी, हा नियम इंग्लंडनं २०१५ मध्ये सोडला आणि वेल्सनं ठेवला. हेतू चांगला, की नगरसेवकांच्या मर्जीनं अधिकारी उडू नये. पण नेमणूकपत्र देणाऱ्याला ते परत घ्यायला किती वेळ लागू शकतो, हे केरफिलीच्या करदात्यांनी पाहिलं.

आणि काउन्सिलच बिघडलं तर? अँगलसी बेटावरच्या काउन्सिलातली भांडणं इतकी विकोपाला गेली की २०११ मध्ये वेल्श सरकारनं आपले कमिशनर पाठवून कारभार ताब्यात घेतला आणि हे कमिशनर २०१३ च्या निवडणुकीपर्यंत राहिले. त्यासाठी कायद्यातली खास ताकद वापरावी लागली. नुसत्या बदलीच्या कागदानं भागणारं ते काम नव्हतं.

आतापर्यंत दोन शिड्या वेगळ्या दिसल्या. एनएचएसमध्ये त्या एकमेकींना चिकटतात, आणि जाणकारसुद्धा इथे चुकतात. ‘एनएचएस वेल्सचा चीफ एक्झिक्युटिव्ह’ हे पद ऐकायला काउन्सिलच्या पदासारखं वाटतं, पण ही व्यक्ती सिव्हिल सर्व्हंट असते. कटेज पार्कमध्ये ती आरोग्य खात्याची डायरेक्टर जनरल, आणि त्याच वेळी एनएचएसची प्रमुख. एका डोक्यावर दोन टोप्या. उलट तिच्या अखत्यारीतल्या हेल्थ बोर्डाचा चीफ एक्झिक्युटिव्ह सिव्हिल सर्व्हंट नसतो, तो बोर्डाचा नोकर. मात्र पैशांच्या जबाबदारीचं वेगळं पत्र त्याला दोन टोप्या घालणाऱ्या त्या वरच्या व्यक्तीकडून मिळतं. म्हणजे नोकरी एकाची आणि हिशेब दुसऱ्याला.

गुडॉल यांनी हा सगळा पूल पायी ओलांडला. २००९ मध्ये हेल्थ बोर्डं स्थापन झाली तेव्हा ते अन्यूरिन बेवन हेल्थ बोर्डाचे चीफ एक्झिक्युटिव्ह होते. २०१४ मध्ये एनएचएस वेल्सचे प्रमुख झाले आणि तिथून पर्म सेक. त्यांच्यामागे अन्यूरिन बेवनची खुर्ची ज्यूडिथ पॅजेट यांच्याकडे गेली, आणि २०२१ मध्ये एनएचएस वेल्सचीही. दोनदा तीच खुर्ची, त्याच क्रमानं. हे ऐकून ‘बघा, म्हणजे अलिखित केडर आहेच’ असं कोणाला वाटलं तर मी भांडणार नाही. ३१ लाखांच्या देशात वरच्या पदांना लायक माणसं मोजकीच असणार. काउन्सिलांच्या चीफ एक्झिक्युटिव्हपदावरून तर लोक पहारेकऱ्याच्या भूमिकेतही जातात. ग्वीनेथ आणि डेन्बीशर इथल्या काउन्सिलांचे प्रमुख राहिलेले ह्यू वॉन थॉमस २०१० ते २०१८ वेल्सचे महालेखापरीक्षक होते. ब्लायना ग्वेंटच्या प्रमुख मिशेल मॉरिस २०२२ मध्ये लोकपाल झाल्या. २०१२ मध्ये सरकारनं सगळ्या सार्वजनिक सेवांतल्या नेतृत्वाला एकत्र शिकवण्यासाठी अकादमी वेल्स काढली, ती याच सरमिसळीला चालना द्यायला. पण एकत्र शिकले तरी नोकऱ्या वेगवेगळ्याच राहतात.

हे किती खरं आहे ते फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर वेल्समध्ये दिसलं. तिथलं बेट्सी कडवालाडर हे वेल्समधलं सर्वांत मोठं हेल्थ बोर्ड. २०१५ ते २०२० ते सरकारच्या विशेष देखरेखीखाली होतंच. २०२३ च्या फेब्रुवारीत लेखापरीक्षकांचा अहवाल आला आणि त्यात वरिष्ठ पगारी अधिकाऱ्यांमधल्या दुहीवर बोट ठेवलेलं होतं. २७ तारखेला आरोग्यमंत्री एलिनेड मॉर्गन यांनी बोर्ड पुन्हा देखरेखीखाली घेतलं. त्याच दिवशी पायउतार झाले ते अध्यक्ष आणि स्वतंत्र सदस्य, म्हणजे अधिकाऱ्यांवर लक्ष ठेवणारे. अहवालात ज्यांच्यावर टीका होती ते अधिकारी जागेवरच राहिले. उलटा न्याय, अशी ओरड झाली आणि ती समजण्यासारखी होती. पण अध्यक्ष आणि सदस्यांची नेमणूकपत्रं मंत्र्यांची होती आणि अधिकाऱ्यांची बोर्डाची. मंत्र्यांचा हात स्वतःच्या सहीपर्यंतच पोचत होता. नव्या अध्यक्षपदी त्यांनी डवेड एडवर्ड्स यांना आणलं, ते पूर्वी ग्वीनेथ काउन्सिलचे लीडर होते.