कोळशाच्या पाठीवर कोबाल्ट

‘पाण्यावर चालणारी मोटारसायकल’ हा व्हिडिओ नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर अधूनमधून उगवतोच. पाणी म्हणजे आधीच जळून झालेला हायड्रोजन. तो परत मोकळा करायला, जळताना मिळाली होती तेवढी ऊर्जा तरी ओतावीच लागते. गाडीच्याच बॅटरीने पाणी फोडून त्याच गाडीत जाळणे हा निव्वळ तोट्याचा धंदा आहे.

वीज सौर किंवा पवन असेल तर मात्र हाच हायड्रोजन स्वच्छ इंधन ठरतो. १ किलोला सुमारे ९ लिटर पाणी आणि आजच्या यंत्रांत ५० ते ५५ युनिट वीज लागते. तत्त्वतः पाणी फुटायला १.२३ व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात जास्त द्यावे लागतात. हा वरखर्च कमी करतो उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्च न होता अभिक्रिया सोपी करणारा पदार्थ.

खरी गंमत पाण्यात बुडवलेल्या ऋण टोकापाशी आहे, जिथे हायड्रोजन सुटतो. तिथे प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन, इलेक्ट्रॉन घेतो, धातूला चिकटतो आणि मग दोन हायड्रोजन जुळून वायू सुटतो. टंगस्टन त्याला इतका घट्ट धरतो की सोडवत नाही. सोने जेमतेम धरते. प्लॅटिनमवर चिकटण्याची मुक्त ऊर्जा (पकड किती घट्ट याचे माप) शून्याच्या जवळ, म्हणजे पकड ना घट्ट ना सैल, म्हणून तोच सरस. धरावे पण बेताने, हे तत्त्व पॉल साबातिए या फ्रेंच रसायनज्ञाचे; त्यांना १९१२चे नोबेल मिळाले.

पण प्लॅटिनम महाग, आणि काम करतात फक्त पृष्ठभागावरचे अणू. म्हणून त्याचे काही नॅनोमीटरचे कण वाहक कार्बनच्या भुकटीवर पसरतात. अशा १ ग्रॅम भुकटीचा पृष्ठभाग बॅडमिंटनच्या तीन कोर्टांएवढा भरू शकतो. त्याही पुढची युक्ती अशी : कार्बनच्या जाळीत नायट्रोजन घुसवायचा आणि चार नायट्रोजनांच्या मधोमध कोबाल्टचा एकेकटा अणू अडकवायचा. नायट्रोजन कोबाल्टची इलेक्ट्रॉन-रचना बदलतात, त्यामुळे त्याची हायड्रोजनवरची पकडही बदलते. आम्लयुक्त पाण्यात तो कामात अजून प्लॅटिनमच्या मागेच आहे, पण फार स्वस्त.

ऑक्सिजन सुटतो त्या धन टोकाला मात्र कार्बन स्वतःच हळूहळू कार्बन डायऑक्साइड होऊन झिजतो. मोजलेला वीजप्रवाह ऑक्सिजनचा की कार्बनच्या झिजेचा, हे वायू मोजल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडच्या द्राक्षछाटणीच्या काड्यांपासूनही असा कार्बन करता येईल. मात्र राख नीट धुवायला हवी, नाहीतर राखेतल्या लोहाच्या अंशाने केलेल्या कामाचे श्रेय कार्बनला जाते. आणि ‘प्लॅटिनमविना’ म्हणवणाऱ्या चाचणीत समोरचा इलेक्ट्रोड, म्हणजे दुसरे टोक, प्लॅटिनमचा असेल, तर तो विरघळून आपल्या नमुन्यावर बसतो आणि निकाल फुगतो. तिथे ग्राफाइटची कांडी वापरावी.