कोळशाला वय विचारणारे अगरवाल

पाऊस उघडला की जुन्या नाशकात, गोदेकाठच्या मातीच्या गढीखाली एक फेरी मारायची माझी सवय आहे. पाण्याने कड्याची माती खाली आलेली असते आणि ताज्या उघड्या पडलेल्या थरांतून खापरांच्या कडा डोकावत असतात. गेल्या वर्षी अकरावीतला भाचा बरोबर होता. त्याला बोटभर जाडीचा राखेचा पट्टा दिसला आणि त्यात हरभऱ्याएवढे कोळशाचे दोन खडे. त्याने हात पुढे केलाच होता.

"हात लावू नकोस."

"का मामा? किती जुना असेल तो?"

"तो तिथेच राहिला तर कळेल. खिशात घातलास तर तो नुसता कोळसा."

त्याला आकडा हवा होता, आणि ते बरोबरच आहे. मातीतून काही वर आलं की माणूस पहिल्यांदा हेच विचारतो. हा आकडा देण्याची सोय आपल्या देशात ज्यांनी केली, त्यांच्यातलं एक नाव धर्मपाल अगरवाल. ओढ पुरातत्त्वाची, पण बसायची जागा भौतिकशास्त्राच्या संस्थेत. आपल्याकडे या दोन जगांची गाठ सहसा पडत नाही. ती पडली म्हणून इथल्या प्रागितिहासाला वर्षांचे आकडे मिळाले, असं माझं ठाम मत आहे.

१९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया आणि त्यांचे सहकारी नाशिकची गढी आणि प्रवरेकाठचं जोर्वे खणत होते, तेव्हा ही सोय नव्हती. वरच्या थरांचं काम त्या मानाने सोपं. नाणी सापडतात, ओळखीची भांडी सापडतात, सातवाहनांचा काळ ठरवता येतो. पण नाण्यांच्याही खाली गेलं की काय? तिथे गारगोटीची बारीक पाती, रंगवलेली खापरं, जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी. खालचा थर वरच्यापेक्षा जुना, एवढंच खात्रीने म्हणता येत होतं. किती जुना, हा अंदाजाचा मामला.

त्याच सुमारास शिकागोत विलार्ड लिबी यांची, कार्बनवरून वय काढण्याची पद्धत नुकतीच जन्माला आली होती. १९४९ साली लिबी आणि जेम्स अर्नोल्ड यांनी वय आधीच माहीत असलेल्या वस्तूंवर ती ताडून पाहिली, त्यात इजिप्तच्या राजांच्या थडग्यांतलं लाकूडही होतं. १९६० साली लिबींना नोबेल मिळालं. मूळ कल्पना कुणालाही समजेल अशी आहे. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे हवेच्या वरच्या थरांत न्यूट्रॉन सुटतात, ते नायट्रोजनच्या अणूवर आदळतात आणि कार्बन-१४, म्हणजे कार्बनचाच जड, हळूहळू मोडणारा प्रकार, तयार होतो. तो कार्बन डायऑक्साइडमधून झाडात, झाडातून गाईत, माणसात जातो. जिवंत असेपर्यंत नवा पुरवठा चालू असतो. जीव गेला की पुरवठा बंद, आणि साठलेला कार्बन-१४ ठरलेल्या गतीने मोडत राहतो. ५,७३० वर्षांत निम्मा उरतो.

कागदावर हे गणित दहावीचं पोरही करेल. अवघड आहे ते मोजणं. जिवंत झाडातसुद्धा दर लाख कोटी कार्बन अणूंमागे कार्बन-१४ चा जेमतेम एक. अशा एक ग्रॅम ताज्या कार्बनमध्ये मिनिटाला साधारण १४ अणू मोडतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीतला कोळसा घेतला तर साडेनऊ. पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा असेल तर मिनिटाला एकसुद्धा धड नाही. आणि हे मोजताना बाहेरून विश्वकिरणांचा मारा अखंड चालूच. म्हणजे भर बाजारात उभं राहून मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकायची. म्हणून मोजणी यंत्राभोवती लोखंडाची जाड भिंत रचायची आणि भोवती पहारेकरी यंत्रांचं कडं करायचं. पहारेकऱ्याला आणि आतल्या यंत्राला एकाच क्षणी ठोका लागला तर तो बाहेरचा, तो मोजायचा नाही.

मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे सगळं उभं राहिलं ते १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. विश्वकिरणांचे मोठे अभ्यासक देवेंद्र लाल तिथे होते. त्यांच्यासोबत अगरवाल आणि शीला कुसुमगर. तिघांची नावं त्या काळच्या शोधनिबंधांवर एकत्र दिसतात. नमुन्यातला कार्बन मिथेन वायूच्या रूपात आणून मोजायचा, अशी त्यांची रीत. कोळशाच्या पुडीला क्रमांक मिळायचा, टीएफ आणि पुढे आकडा. पुढे लाल अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले, कार्बन मोजण्याचं कामही तिकडे गेलं आणि क्रमांकापुढे पीआरएल अशी अक्षरं आली. भारताच्या प्रागितिहासावरचं कुठलंही जुनं पुस्तक उघडा, कोष्टकांतून ही दोन नावं रांगेने भेटतात.

अगरवाल यांनी खळबळ उडवली ती १९६४ साली, 'सायन्स' नियतकालिकातल्या एका छोट्या लेखाने. हडप्पा संस्कृतीचा काळ ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी इसवी सनापूर्वी २५०० ते १५०० असा धरला होता, पूर्ण एक हजार वर्षं. अगरवाल यांनी तोवर मिळालेल्या कार्बन तारखा एकत्र मांडल्या आणि म्हटलं, पसारा फार तर इसवी सनापूर्वी २३०० ते १७५० एवढाच दिसतो. आपला वारसा जितका जुना, जितका लांब, तितका बरा असं वाटणाऱ्या समाजात काळ कापून आखूड करायला धीर लागतो. कोळशाने जे सांगितलं ते त्यांनी लिहिलं.

आता यातली खरी मौज. हवेतला कार्बन-१४ सगळ्या काळात सारखाच होता, असं लिबींनी धरलं होतं. तसं नाही हे झाडांच्या वाढीच्या कड्यांनी दाखवलं. वर्षाला एक कडी, तिचं वय मोजून माहीत, मग तिच्यातला कार्बन तपासायचा. तेव्हा कळलं की चार हजार वर्षांपूर्वीच्या आसपास कच्ची कार्बन तारीख खऱ्यापेक्षा काही शतकं अलीकडची येते. ती दुरुस्ती केल्यावर हडप्पा संस्कृतीचा भरभराटीचा काळ आज इसवी सनापूर्वी २६०० ते १९०० असा मानतात. म्हणजे सुरुवात व्हीलरांच्याही थोडी मागे गेली, पण १५०० पर्यंत ताणलेलं शेवटचं टोक काही टिकलं नाही. हजार वर्षांचा पसारा नव्हता, हे अगरवालांचं म्हणणं उभं राहिलं.

आपल्या भागाकडे येऊ. नेवाशाच्या उत्खननातला कोळसा सुरुवातीला अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडे गेला होता. पुढे शिरूर तालुक्यातल्या इनामगावला १९६८ ते १९८३ असं दीर्घ उत्खनन झालं आणि घरोघरचा, थराथरातला कोळसा मोजला गेला. त्यातून जोर्वे संस्कृतीचा कणा ठरला: इसवी सनापूर्वी १४०० च्या सुमाराला सुरुवात, १००० नंतर उतरती कळा, ७०० च्या आसपास शेवट. लाल अंगावर काळी नक्षी, लांब तोटी आणि टिचकी मारली की खणखणीत वाजणारं भांडं दिसलं, की नाशिकपासून भीमेच्या खोऱ्यापर्यंत त्याचा काळ आज सांगता येतो तो या मोजणीच्या जोरावर. भाच्याला मी हेच सांगितलं. तुझ्या हातातल्या खापराचं वय कुणी मोजलेलं नसतं. त्याच्या जातभाईशेजारी सापडलेल्या कोळशाचं मोजलेलं असतं.

आणि म्हणूनच तो शेजार महत्त्वाचा. काळ्या मातीत झाडाची मुळं खोल जातात, उंदरांची बिळं असतात, पावसाळ्यानंतरच्या भेगांतून वरचं खाली पडतं. नमुना प्रयोगशाळेत आला की आधी चिमट्याने बारीक मुळं वेचायची. मग आम्लात धुऊन चुना काढायचा, अल्कलीत धुऊन मातीतला कुजका अंश काढायचा. एवढं करूनही एक फसगत राहतेच. कोळसा दीडशे वर्षं वाढलेल्या सागाच्या गाभ्याचा असेल, तर तारीख त्या गाभ्याची येते, घर जळाल्याची नाही. त्यापेक्षा जळलेला धान्याचा दाणा बरा, तो एकाच हंगामाचा असतो.

दायमाबादच्या रथाची गोष्ट इथेच येते. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला एका शेतकऱ्याला खणताना धातूचा ठेवा मिळाला: गेंडा, हत्ती, रेडा आणि दोन बैलांचा, सारथी उभा असलेला, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ. चित्र पाहूनच जीव हरखतो. तिथे पुढे उत्खनन करणारे एस. ए. साली आणि इतर काही अभ्यासक त्याला उत्तर हडप्पा काळात ठेवतात. पण तो ठेवा काही थर नोंदवत केलेल्या उत्खननात सापडलेला नव्हता, त्याच्या शेजारचा कोळसा कुणी जपलेला नव्हता. अगरवाल यांनी मग धातूलाच विचारलं. त्यात एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघालं. ताम्रपाषाणयुगातल्या बाकीच्या वस्तूंत अशी मिसळ दिसत नव्हती, म्हणून हा ठेवा बराच अलीकडचा, ऐतिहासिक काळातला असावा असं त्यांनी मांडलं. सगळ्यांना ते पटलं नाही, वाद अजून आहे. मला स्वतःला तो रथ जुना असावा असं फार वाटतं. पण माझ्या वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत, हे मी अगरवालांकडून शिकलो.

पुढच्या काळात ते काश्मीरच्या करेवा नावाच्या पठारांमधल्या जुन्या तळ्यांच्या गाळाकडे आणि तिथल्या हवामानाकडे वळले, नंतर अल्मोड्याला राहिले. तांब्याचा नाद मात्र कायम होता. आपल्या भांडी बाजारातून जाताना ठोक्यांचा आवाज आला की मला त्यांची आठवण होते.

कार्बनची मजल किती, हे भाच्याला पाटण्याच्या उदाहरणाने कळलं. चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीजवळच्या या गावी सालींना शहामृगाच्या अंड्याचं नक्षी कोरलेलं कवच मिळालं. कार्बनने काळ दिला सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. शहामृग, खानदेशात! पण ५०,००० वर्षांच्या पलीकडे गेलं की मूळच्या कार्बन-१४ पैकी पाव टक्काही उरत नाही, घड्याळ थांबतं. आणि आपल्या गंगापूरला गोदेच्या जुन्या गाळात दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत, त्या याहून कितीतरी मागच्या.

"मग त्यांचं वय कसं काढायचं?"

इथे पुन्हा देवेंद्र लाल. विश्वकिरण हवेत कार्बन-१४ घडवतात, तसे जमिनीवर पडलेल्या दगडातही बेरिलियम-१० आणि ॲल्युमिनियम-२६ घडवतात. लाल यांचं आयुष्यभराचं काम या अणूंवर. दगड गाडला गेला की तेही आपापल्या गतीने मोडू लागतात, पण कार्बनपेक्षा फार सावकाश. याच पद्धतीने चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमची हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचं शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं. मात्र त्याला क्वार्ट्झ, म्हणजे गार लागते. तिथली हत्यारं गारेच्या जातीच्याच दगडाची आहेत. आपला काळा दगड बसाल्ट, त्यात ती जवळपास नसतेच.

भाचा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मामा, नदीच्या गाळात गारेचे खडे असतात की. काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून निघालेले."

असतात. पाऊस ओसरला की रविवारी गंगापूरला जाऊन ते कुठल्या थरात आहेत, हे बघायचं ठरलंय. हात न लावता.