मंडपाची परवानगी आणि स्पीकरचा परवाना: आळीतल्या कार्यक्रमाला दोन्ही का लागतात

कोजागिरीला आळीचा रस्ता दोन-तीन तास अडवायचा, वीस लिटर दूध आटवायचं, पोरांची गाणी ठेवायची. बेत एवढाच असला तरी रत्नागिरी, चिपळूण किंवा मालवणात त्यासाठी दोन वेगवेगळे कागद लागतात. अनेकजण दोन्ही एकच समजतात आणि ऐन वेळी अडकतात.

मंडपाची परवानगी ही जागेची. रस्ता ज्याचा, त्याच्याकडून ती घ्यायची. आळीतला रस्ता बहुधा नगरपरिषदेचा असतो, पण बाजारातून जाणारा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो. तसं असेल तर नगरपरिषदेचा एकटा कागद पुरत नाही. म्हणून अर्ज लिहिण्याआधी रस्ता कुणाकडे आहे, ते विचारून घ्या. अर्जाला हाताने काढलेला नकाशा जोडा. त्यात रस्त्याची रुंदी, मंडपाची लांबी-रुंदी, विजेचे खांब, गटार आणि मोकळी राहणारी वाट दाखवा. आगीच्या बंबाची रुंदीच अडीच मीटरच्या आसपास असते, त्यामुळे साडेतीन मीटर वाट तरी सुटायला हवी. आपल्या कितीतरी आळ्या मुळात तेवढ्याच रुंद. तिथे मंडपाचा हट्ट सोडावा आणि चटया, खुर्च्या, दोन घडीची टेबलं एवढ्यावर भागवावं. बंब आला तर दोन मिनिटांत सगळं बाजूला करता येतं.

मंडप घालायचाच असेल तर रस्त्यात खड्डे खणू नका. अनामत रक्कम बऱ्याचदा याच खड्ड्यांपायी कापली जाते. दोनशे लिटरचं पिंप पाण्याने भरलं की दोनशे किलोचं वजन मिळतं. कोपऱ्याचा प्रत्येक खांब अशा एकेका पिंपाला वर-खाली दोन ठिकाणी बांधा. ताडपत्रीला एका बाजूने चांगला ढाळ द्या. परतीचा पाऊस संध्याकाळी अचानक कोसळतो, ताडपत्रीच्या पोटात पाणी साचतं आणि त्या भाराने खांब आत ओढले जातात.

स्पीकरचा परवाना आवाजाचा आणि घड्याळाचा. तो पोलिसांकडून घ्यायचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लेखी परवानगीशिवाय स्पीकर लावता येत नाही. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद, आणि ढोल-ताशाही बंद, हे पुष्कळांच्या गावी नसतं. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस दहाची ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवून देता येते. ते दिवस सरकारी आदेशाने ठरतात, आळीच्या सोयीने नाही. कोजागिरीचं दूध मध्यरात्री प्यायचं असलं, तरी गाणी सातला सुरू करून दहाच्या आत संपवावीत. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय शंभर मीटरच्या आत असेल तर ते शांतता क्षेत्र असू शकतं; तिथे स्पीकर नकोच.

खरा गोंधळ ‘ना हरकत’ या शब्दाने होतो. मंडपाच्या अर्जासोबत पोलिसांचा ना हरकत दाखला मागितला जातो. तो वाहतूक आणि बंदोबस्तापुरता असतो. आपल्याकडे पोलिसांचं पत्र आहे, मग स्पीकरचंही काम झालं, असं मंडळाला वाटतं. साडेनऊला हवालदार दारात येतो तेव्हा त्या पत्रात आवाजाबद्दल एक ओळही सापडत नाही.

हे दोन्ही कागद एकत्र करू नयेत. रस्ता मोकळा ठेवणं आणि म्हाताऱ्या माणसाची झोप राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. हेलपाटे मात्र वाचवता येतात. नगरपरिषदेने एकच अर्ज घ्यावा आणि त्याची प्रत स्वतः पोलीस ठाण्याला पाठवावी. जिथून पुढे रस्ता जात नाही अशा आळ्यांची यादी वॉर्डनिहाय आधीच ठरवावी. तिथे चार तासांच्या, मंडप नसलेल्या कार्यक्रमाला जागेवर जाऊन पाहणी करायची गरज नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली या परवानगीला दिवसांची मुदत लावता येईल. सात दिवस पुष्कळ झाले. आणि रस्ता अडवायला दोन बॅरिकेड नगरपरिषदेनेच द्यावेत, म्हणजे कुणी नारळाची झावळी टाकून रस्ता बंद करणार नाही. रात्री स्कूटरवाल्याला ती झावळी दिसत नाही.