घरघर फिल्टर कंडेन्सरची की कपलिंगची?

जुन्या बाजारातून व्हॉल्व्हचा रेडिओ घरी आणला की सल्ला ठरलेला: "घरघरतोय ना? कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटर) बदला." पण कुठला? घोळ होतो तो फिल्टर आणि कपलिंग या दोन कंडेन्सरमध्ये.

फिल्टर कंडेन्सर लगेच दिसतो. बहुतेक सेटमध्ये चेसिसवर, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावर, उभा ॲल्युमिनियमचा डबा, साधारण १६ ते ५० मायक्रोफॅरडचा. तो आतून वाळला की रेक्टिफायरनंतरचा (एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतरचा) डीसी सपाट होत नाही आणि १०० हर्ट्झची घरघर लागते. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी ती थांबत नाही.

कपलिंग कंडेन्सर चेसिसच्या पोटात असतो. मेणात बुडवलेल्या कागदाची छोटी नळी, ०.०१ मायक्रोफॅरडच्या आसपास. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा (आउटपुट टोकावरचा) सिग्नल पुढे सोडायचा आणि डीसी अडवायचा, हे त्याचं काम. कागदात ओल शिरली की डीसी झिरपतो. समजा प्लेटवर १०० व्होल्ट आहेत, गळती १० मेगओहमची आणि ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (करंट आवरणाऱ्या जाळीला) ४७० किलोओहमचा रेझिस्टर. ग्रिडवर साडेचार व्होल्ट चढतात! एरवी हा ग्रिड कॅथोडपेक्षा सातेक व्होल्ट खाली असतो. ते अंतर घटलं की व्हॉल्व्ह भरमसाट करंट ओढतो, तापतो, आवाज फाटतो, आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, जो आज सहजी मिळत नाही. त्या जादा करंटचा भार फिल्टरवर पडून घरघरही वाढते. डबा बदलला की ती कमी होते आणि सगळे समाधानी होतात. झिरपणारी नळी मात्र आतच राहते.

म्हणून माझा आग्रह आहे की सेट पहिल्यांदा चालू करण्याआधीच कपलिंग बदला. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर तो ठणठणीत दिसेल, कारण गळती उघडी पडते ती चढ्या व्होल्टेजवर. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर मागा. त्याला प्लस-मायनस नसतं. फिल्टरसाठी ४५० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक घ्या, त्याची दिशा मात्र चुकवू नका. क्षमताही वाढवू नका: ईझेड८० रेक्टिफायरला पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरडचीच आहे. मायका (अभ्रकाच्या) कंडेन्सरना हात लावू नका, ते सहसा शाबूत असतात.

नंतर सिरीज बल्ब (मेन्स आणि सेटच्या मधे जोडलेला दिवा) लावून सेट चालू करा. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटचं चेसिस मेन्सलाच जोडलेलं असतं, तो जाणकाराकडेच न्या. सेट तापला की ईएल८४च्या २ नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, चेसिसच्या तुलनेत व्होल्टेज मोजा. नवा कपलिंग असूनही तिथे पॉझिटिव्ह दिसलं, तर दोष व्हॉल्व्हमध्येच आहे.