शाश्वत विकास उद्दिष्टे आणि नागरी समाज

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २५ सप्टेंबर २०१५ रोजी १७ शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली. त्यांखाली १६९ लक्ष्ये आहेत आणि त्यांची मुदत २०३० साली संपते. ही उद्दिष्टे गाठण्याची जबाबदारी देशोदेशींच्या शासनांनी घेतली असली, तरी शासन आणि बाजार यांच्याबाहेर संघटित झालेल्या लोकांचा त्यात मोठा वाटा आहे. स्वयंसेवी संस्था, कामगार संघटना, कष्टकऱ्यांच्या सहकारी संस्था, गावातले अभ्यासगट, लोकचळवळी अशा सर्वांना मिळून नागरी समाज म्हणतात. सतराव्या उद्दिष्टातील १७.१७ या लक्ष्यात नागरी समाजाबरोबरच्या भागीदारीचा उल्लेख आहे, तर १६.७ हे लक्ष्य निर्णयप्रक्रियेत लोकांचा सहभाग मागते.

उद्दिष्टे ठरवतानाही या गटांचा हात होता. २००० सालच्या सहस्रक जाहीरनाम्यातून निघालेली ८ सहस्रक विकास उद्दिष्टे मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील तज्ज्ञांनी आखली होती आणि त्याबद्दल पुढे बरीच टीकाही झाली. २०१२ च्या रिओ परिषदेनंतर रीत बदलली. सदस्य देशांचा खुला कार्यगट नेमला गेला आणि महिला, शेतकरी, आदिवासी, कामगार, युवक आदी ९ ‘प्रमुख गटां’ना आपले म्हणणे मांडण्याची जागा मिळाली. हे गट १९९२ च्या रिओ वसुंधरा परिषदेत मान्य झालेले होते. ‘कोणालाही मागे न ठेवता’ हे या कार्यक्रमाचे ब्रीद. ते कागदावर आणणे तुलनेने सोपे होते. मागे कोण राहिले आहे हे कळणार कसे, ही अडचण मात्र उरतेच. उद्दिष्टांचा सारा डोलारा दोनशेहून अधिक निर्देशकांवर, म्हणजे मोजदादीवर उभा आहे. जे मोजलेच जात नाही त्याची प्रगतीही दिसत नाही आणि अधोगतीही. नागरी समाजाचे सर्वांत मोलाचे काम इथे झाले आहे, असे महाराष्ट्रातील अनुभव सांगतो. गंमत अशी, की त्यातले बरेचसे काम ही उद्दिष्टे जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचे आहे.

तिसऱ्या उद्दिष्टातील ३.२ हे लक्ष्य नवजात बालमृत्यूंविषयी आहे : हजार जिवंत जन्मांमागे असे मृत्यू १२ किंवा त्याहून कमी व्हावेत. घरी जन्मून घरीच दगावलेल्या बाळाची मात्र अनेकदा ना जन्मनोंद होते, ना मृत्युनोंद. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली आणि गावोगाव जन्ममृत्यू मोजायला सुरुवात केली. न्यूमोनियाने मुले दगावतात हे दिसले. तो ओळखायचा तर बाळाचे श्वास मिनिटभर मोजावे लागतात, आणि गावातल्या सुईणींना साठपर्यंतचे आकडे येत नव्हते. त्यावर श्वासमापक नावाचे साधे यंत्र निघाले. एका मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी. दर दहा श्वासांनी एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालच्या बाळासाठीच्या ओळीत पाच निळे मणी आणि सहावा लाल, त्याहून मोठ्या मुलासाठी चार निळे आणि पाचवा लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला की न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंत मोजता येणाऱ्या बाईला रोगनिदान करता येऊ लागले.

पुढे १९९३ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग झाला आणि तुलनेसाठी ४७ गावे घेतली गेली. गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या. बाळाचे वजन घेणे, त्याला ऊब देणे, स्तनपानाला मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई देण्यावरून वाद झालाच. २०११ साली केंद्र शासनाने आशा कार्यकर्तींमार्फत ही सेवा देशभर सुरू केली. आता दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जाते, घरी जन्मलेल्याकडे सात वेळा. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली भारताचा नवजात मृत्युदर २० होता आणि महाराष्ट्राचा ११. राज्यातील घट एकट्या या प्रयोगाच्या खात्यावर मांडता येणार नाही. संस्थात्मक बाळंतपणे, लसीकरण, रस्ते, मुलींचे शिक्षण या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. संस्थेने मोजून सिद्ध करायचे आणि शासनाने ते सर्वदूर न्यायचे, ही वाट मात्र या प्रयोगाने दाखवली. शासनाकडे जाताना काय हरवते तेही त्यात दिसते. एका बाळाच्या सगळ्या भेटींसाठी आशाताईला २५० रुपये ठरले होते, आणि मानधनासाठी महाराष्ट्रातील आशांना २०२१ साली संप करावा लागला. शासनाने पद्धत उचलली; ती राबवणाऱ्या बाईच्या श्रमांचे मोल त्याच मापाने उचललेले दिसत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातीलच धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंडांचे छोटे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या ‘वृक्षमित्र’ या संस्थेने तिथे अभ्यासगटाची पद्धत रुजवली. आधी विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवायचे. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलायचा. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने बांबू गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारी वनउपज, ठरवला होता, तरी वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याच्याच हाती होते. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी ते गावात येऊन ग्रामसभेकडे सोपवले आणि गाव स्वतः बांबू विकू लागले. पंधराव्या उद्दिष्टातील वनसंवर्धन आणि पहिल्यातील दारिद्र्यनिर्मूलन इथे एकाच व्यवहारात दिसतात. उद्दिष्टांचे रकाने वेगळे असतात, गावाचा हिशेब एकच असतो.

शहरातील उदाहरण पुण्याचे. डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळाने आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायका रोज किती माल उचलतात आणि त्यामुळे महापालिकेचा किती वाहतूक खर्च वाचतो, याचा हिशेब या संघटनेने मांडला. दयेची मागणी बाजूला पडून मोबदल्याची मागणी पुढे आली. ओळखपत्रे मिळाली, पुढे आरोग्यविमा मिळाला. २००८ साली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करू लागली. घरमालक दरमहा शुल्क देतो, सुका कचरा वेगळा काढून विकण्याचा हक्क वेचकाचा. शहरांविषयीचे अकरावे, पुनर्वापराविषयीचे बारावे आणि सन्मान्य कामाविषयीचे आठवे अशी तीन उद्दिष्टे एका ढकलगाडीवर चालताना पाहायची तर सकाळी पुण्याच्या कुठल्याही सोसायटीच्या फाटकाशी उभे राहावे. करार मुदतीचे असतात आणि नूतनीकरणाच्या वेळी ठेकेदारीचा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना मान्यता दिली, पण नियम आणि निविदा नेहमी एकाच दिशेने चालतात असे नाही.

या तिन्ही ठिकाणी लोकांनी स्वतः काही उभे केले. शासनाच्या सेवेवर लोकांनी नजर ठेवणे हे वेगळे काम, आणि जास्त अप्रिय. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्यातील ‘साथी’ संस्था त्याची राज्य समन्वयक होती. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि गावातील सेवांना हिरवा, पिवळा, लाल असे शेरे गावकऱ्यांच्या समित्या देत. मग जनसुनवाईत डॉक्टर आणि अधिकारी यांच्यासमोर ते तक्ते मांडले जात. औषध बाहेरून का आणावे लागते, पैसे कोणी मागितले, हे भर सभेत विचारले जाई. जनसुनवाईची ही रीत राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून रोजगाराच्या कामांवरील हजेरीपट जाहीर वाचून रूढ केली होती. माहिती अधिकाराच्या चळवळीची एक वाट तिथूनच निघाली.

राष्ट्रीय पातळीवर याला जोड म्हणून शासनाला त्याच्या वचनांची आठवण देणारे ‘वादा ना तोडो अभियान’ आहे. जानेवारी २००४ मध्ये मुंबईत गोरेगावला जागतिक सामाजिक मंच भरला, त्यातील चर्चांतून हे अभियान निघाले. दर जुलैत न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांचा उच्चस्तरीय राजकीय मंच भरतो आणि देश तिथे स्वेच्छेने आपला प्रगती अहवाल मांडतात. भारताने २०१७ आणि २०२० साली मांडलेल्या अहवालांपैकी दुसऱ्याच्या वेळी नीती आयोगाने दलित, आदिवासी, अपंग, स्थलांतरित मजूर अशा गटांबरोबर सल्लामसलती केल्या आणि त्यांत या अभियानाचा मोठा वाटा होता. सल्ला मागणे आणि तो आकड्यांत उतरणे यांत अंतर राहते. आयोगाच्या २०१८ च्या पहिल्या निर्देशांकात १७ पैकी १३ उद्दिष्टेच मोजली होती, आणि भागीदारीचे सतरावे वगळलेल्यांत होते.

संस्थांच्या मर्यादाही उघड आहेत. चांगले काम ठरावीक गावांत अडकून पडते. ते एका खमक्या माणसाभोवती फिरते आणि तो गेला की विस्कटते. संस्था स्वतः कोणाला उत्तरदायी, हा प्रश्न लोक विचारतात आणि तो रास्त आहे. पैशांचे गणित अधिक बिकट झाले आहे. विदेशी देणगी कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला असा निधी देण्यावर बंदी आणली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. मोठ्या संस्थेकडून झिरपणाऱ्या निधीवर चालणारे तालुक्यातील छोटे गट त्यात सर्वाधिक होरपळले. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामांवर खर्च करण्याचे बंधन घातले, पण हा पैसा शाळेच्या खोल्या, टाक्या, संगणक अशा दाखवता येणाऱ्या वस्तूंकडे सहज वळतो. जनसुनवाईला प्रायोजक मिळणे कठीणच.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार जगभरात जेमतेम १७ टक्के लक्ष्ये वेळेत पूर्ण होण्याच्या वाटेवर होती. भारतात केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने ही उद्दिष्टे ९ संकल्पनांत बसवून गावाच्या विकास आराखड्याशी जोडली आहेत. महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने तो आराखडा तयार होतो आणि त्याला ग्रामसभेची मंजुरी लागते. त्या सभेला किती जण बसतात आणि किती जण नुसती सही करून उठतात, याचा निर्देशक अजून कोणत्याही तक्त्यात नाही.